तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

गोंदिया
२७ मे २०१२

प्रिय भाऊ,

जयभीम.

तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितो आहे. रीना वहिनींना लावला तर त्या म्हणतात, "हे इथंच बसले आहेत, मंग बोलू," आणि ठेवतात. त्यांना मध्ये घालायचं नाही. पत्र तुम्ही न वाचता ठेवलं तरी घरात राहील.

दामिनी बारावी पास झाल्याचं वहिनींकडूनच कळलं. अभिनंदन. फळा दिसत नसताना बासष्ट टक्के चांगलेच आहेत.

आई माझ्याजवळ आहे. तब्येत बरी आहे, गुडघे दुखतात. अल्काताईला जाऊन साडेतीन महिने झाले. सौंदडच्या घराला कुलूप आहे. मी रविवारी जाऊन झाडून येतो. तिच्या वस्तू फारशा नव्हत्या. पांढरी काठी, टेपरेकॉर्डर आणि कॅसेटचा पत्र्याचा डबा. तेवढं मी गोंदियाला आणलं.

सहा वर्षं तुमचं आणि तिचं बोलणं नव्हतं, तरी तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही आलात. हापशीजवळ उभे होतात. चहा घेतला नाही. बिसराम गुरुजींशी बोलत होतात तेव्हा मी केटली घेऊन तुमच्या मागून गेलो. तुम्ही म्हणालात, "दामिनीचे डोळे अल्कीवरच गेले. पहिले रात्री दिसत नव्हतं, आता दिवसाही दिसून नाही रायलं. कॉलेजात कायले पाठवू? अल्कीचं पाहिलं ना गुरुजी. तीन वर्षं सगळ्यांचा जीव घेतला न शेवटी नापास. आपल्या घरात दुसरा तमाशा नाही पाहिजे."

गुरुजींनी कप घेतला. मी पुढच्या माणसाला चहा दिला.

मी ज्या कॉलेजात परीक्षा विभागात लिपिक आहे ते अल्काताईचंच कॉलेज, हे तुम्हाला माहीत आहे. पण आता काही गोष्टी बदलल्या आहेत. ज्यांना दिसत नाही त्यांची परीक्षा तळमजल्यावर, वेगळ्या खोलीत होते. पेपर लिहून देणारा लेखनिक विद्यार्थ्याने शोधून आणायचा, असं पूर्वी होतं. आता तयार असणाऱ्या मुलामुलींची यादी ऑफिसात असते. ती यादी मीच करतो. सध्या अकरा नावं आहेत. न दिसणारे दोन विद्यार्थी सध्या शिकत आहेत, दोघेही पहिल्या वर्षाला पास झाले.

बी.ए.च्या अर्जाची शेवटची तारीख २५ जून आहे. दामिनीला पाठवायचं की नाही हे तुम्ही ठरवाल. मात्र अल्काताईच्या नापास होण्याचा दाखला देऊन ठरवू नये, असं मला वाटतं. त्या पेपरमध्ये एक चूक झाली होती. ती तिची नव्हती.

वहिनींना आणि दामिनीला जयभीम सांगा.

तुमचा
टेकचंद


गोंदिया
५ जून २०१२

प्रिय भाऊ,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. "चूक कोणाची होती ते लिहायची हिंमत असेल तर लिही. नसेल तर तिकीट वाया घालवू नको." आईने विचारलं, काय लिहिलं आहे. मी म्हटलं, ख्यालीखुशाली. ती म्हणाली, "लोकेश दोन ओळीत ख्यालीखुशाली लिहिते का? मले येडी समजता दोघंही."

तेव्हा तुम्ही चिचगडला आश्रमशाळेत शिकवत होतात आणि फक्त सुट्टीत यायचात, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

अल्काताईला बारावीनंतर पूर्ण दिसेनासं झालं आणि अपंगांच्या कोट्यातून स्टेशनरोडवर एसटीडी बूथ मिळाला. हे तुमच्यासमोरचं आहे. शकुंतला मॅडम बूथवर पहिल्यांदा आल्या ते गाडी दोन तास लेट होती म्हणून. गोंदियाला घरी फोन लावून द्या म्हणाल्या. ताईने नंबर एकदाच ऐकला आणि लावला. मॅडमनी विचारलं, "पाठ कसा झाला?" ताई म्हणाली, "मले सौंदडचे दीडशे घरं पाठ आहेत. कोनाचा मुलगा कुठं आहे, तेही." मॅडम याच कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. त्यांनी दोन तास तिथेच काढले. जूनमध्ये ताईचा अर्ज त्यांनीच भरला.

प्राचार्य म्हणाले होते, जबाबदारी तुमची. मॅडमनी घेतली. पहिली दोन वर्षं मॅडमच्या शेजारची एक मुलगी ताईचे पेपर लिहायची. तिचं लग्न झालं. तिसऱ्या वर्षाला कोणी मिळेना. नियम असा की लेखनिक खालच्या वर्गातला हवा आणि त्या विषयाचा नको. गावातल्या मुली म्हणायच्या, "नापास झाली तं आमच्यावर येईन." मी बारावी सायन्सची परीक्षा देऊन मोकळा होतो. मॅडम म्हणाल्या, "टेकचंदचं अक्षर चांगलं आहे."

पुस्तकं आधीपासून मीच वाचून टेप करायचो. बूथवर गिऱ्हाईक नसलं की ती लावून ऐकायची. ग्रामीण समाजशास्त्राचं गाईड मी दोनदा टेप केलं, कारण पहिल्या वेळी पंख्याचा आवाज आला होता. त्यामुळे मला ते तोंडपाठ झालं. तिला झालं नाही. ती मध्येच टेप बंद करायची आणि म्हणायची, "हा पुस्तकवाला खेड्यात कधी मुक्कामी नाही रायला वाटते."

१८ एप्रिल २००५ ला तो पेपर होता. आम्हाला क्रीडा विभागाच्या खोलीत बसवलं होतं. भाले, जाळ्या आणि चुन्याची पोती होती. खिडकी एकच. पर्यवेक्षक सारखे आमच्या टेबलाजवळ येऊन उभे राहायचे. "ज़ोर से मत बोलो बेटा, बाजू में भी पेपर चल रहा है।" तिसऱ्या वेळी ताई म्हणाली, "सर, तुमी उभे रायले तरी मले दिसत नाही. बसून घ्या न, पाय दुखतीन." ते हसले आणि बसले. नंतर त्रास दिला नाही.

पेपर पाच प्रश्नांचा, शंभर मार्कांचा. अर्धा तास जास्तीचा होता. ती भराभर सांगत होती. माझा हात भरून आला होता. काही वाक्यं माझ्याकडून राहिली.

संध्याकाळी तिने मॅडमसाठी एका कॅसेटवर सगळी उत्तरं जशी सांगितली तशी पुन्हा बोलून ठेवली. मॅडमनी ती ऐकली आणि म्हणाल्या, "पन्नासच्या खाली येत नाहीस." निकाल लागला तेव्हा अठ्ठावीस होते. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती.

लिहिणारा मी होतो. राहिलं ते माझ्याकडून राहिलं. दामिनीचा विचार करताना एवढं लक्षात घ्यावं.

तुमचा
टेकचंद


गोंदिया
१२ जून २०१२

प्रिय भाऊ,

काल वहिनींचा फोन आला. तुम्ही घरी नव्हतात. त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र यांनी मोठ्यानं वाचलं, दामिनीच्या समोर. न मंग वहीवर हिशोब करत बसले. म्हणते, चार वाक्यं रायले तं चार मार्क जाते. पन्नासचा पेपर अठ्ठावीसवर कसा आला? टेकचंद अजून लपवून रायला." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "का आहे ते सांगून टाका भाऊजी. पोरगी तीन दिवसांपासून जेवताना बोलत नाही."

तुम्ही पंधरा वर्षं पेपर तपासता. तुमच्याकडे हे चालणार नाही, हे मला आधीच कळायला पाहिजे होतं.

वाक्यं राहिली नव्हती. मी दोन उत्तरं बदलली.

तिसरा प्रश्न होता : ग्रामीण कुटुंबात होत असलेले बदल आपल्या परिसरातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा. ताई सांगायला लागली. कॅसेटवरून उतरवून देतो :

"सौंदडला पूर्वी धानाच्या रोवणीच्या वेळी सासू आणि सून एकाच बांधीच्या चिखलात उतरत. आता सून मजुरीला दुसऱ्याच्या बांधीत जाते आणि सासू घरी नातू सांभाळते. मुलगे नागपूर, रायपूरला आहेत. मी एसटीडी बूथ चालवते. संध्याकाळी बायका फोन लावायला येतात. पहिल्या वर्षी त्या नवऱ्याला विचारतात, धान कधी कापू, बैल विकू का. दुसऱ्या वर्षी त्या सांगतात, धान कापला, बैल विकला. मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येतं. पण तेवढ्यावरून कुटुंब बदललेलं कळतं. आमच्या स्वतःच्या घरी दिसत नसलेली मुलगी बूथवर बसते आणि दिसणारे तिच्या हातचं खातात. हाही बदलच आहे."

हे ऐकताना मला लाज वाटली. हे मी आज लिहितो आहे, तेव्हा मला त्याला लाज म्हणतात हेही कळलं नसतं. मला वाटलं, ही पेपरमध्ये गावच्या गप्पा लिहायला लावते आहे. आपली बांधी, आपलं बूथ, आपल्या घरची गोष्ट विद्यापीठात कोणीतरी वाचणार आणि हसणार. बाबांनी आयुष्यभर आपल्याला सांगितलं, पुस्तकात आहे ते शिका, इथं आहे त्यातून बाहेर पडा. मला वाटलं पेपरमध्ये पुस्तकातलंच पाहिजे. आणि पुस्तक मला पाठ होतं.

मी गाईडमधली संयुक्त कुटुंबाची सात वैशिष्ट्ये लिहिली. शाईने अधोरेखित केली. ती सांगत होती आणि मी लिहीत होतो, दोन्ही वेगळं. संयुक्त कुटुंबाची वैशिष्ट्ये कोणी विचारलीच नव्हती. पाचव्या प्रश्नाचंही तसंच केलं. मला वाटत होतं मी तिला पास करतो आहे.

तिसरं उत्तर संपल्यावर ती म्हणाली, "वाच." मी पानाकडे पाहिलं आणि तिने सांगितलं होतं ते आठवून म्हणून दाखवलं. बैल विकला, सगळं. ती म्हणाली, "बरोबर." तिथे मला थांबता आलं असतं. पुरवणी मागून पुन्हा लिहिता आलं असतं. वेळ होता.

निकालानंतर तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. तेव्हा नुकतीच मागवता येऊ लागली होती. ऑगस्टमध्ये पाकीट आलं. बूथवर बसून तिने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाच." मी पुन्हा आठवून वाचलं. चार महिन्यांनंतरही मला तिचं उत्तर आठवत होतं. ती ऐकून म्हणाली, "हे तं बरोबर आहे. मंग मार्क काऊन नाही देल्ले?" मी पानं पाकिटात घालून टाचणी लावली. तीच म्हणाली, "आंधळीनं सांगितलं हे परीक्षकाले पटलं नसन."

त्या दिवसापासून ती तेच धरून बसली. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा तुमचं भांडण त्यावरूनच झालं. तुम्ही म्हणालात, "परीक्षकाले शिव्या देऊन कोनी पास होत नाही. आपल्याच्यानं झालं नाही म्हन न मोकळी हो." ती म्हणाली, "भाऊ, तुमी मास्तर आहात. पेपर ऐकून तं घ्या." तुम्ही म्हणालात, "मले नाही ऐकायचा." मी भिंतीला टेकून शेंगा सोलत होतो. झेरॉक्स वरच्या फळीवर होती. तुम्ही ऐकतो म्हणाला असतात तर ती तुमच्या हातात गेली असती. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं.

ती म्हणाली, "मंग मी तुमच्या दारी येनार नाही." आणि आली नाही.

मार्चमध्ये तिने मला पुन्हा पेपर लिहिशील का, असं विचारलं. मी म्हटलं, माझी स्वतःची परीक्षा आहे. दुसरं कोणी मिळालं नाही. कॉलेजने सांगितलं, लेखनिक तुमचा तुम्ही आणा. तिथे ते संपलं. मग मोबाईल आले आणि बूथही बंद पडला.

मी इथे नोकरीला लागल्यावर जुनी आवक-जावक पाहत होतो. २००६ मध्ये देवरीकडचे केशोराव नावाचे एक गृहस्थ त्यांच्या अंध मुलाचा अर्ज घेऊन आले होते. अर्जावर शेरा आहे : "पूर्वीचा अनुभव पाहता शक्य नाही." पूर्वीचा अनुभव म्हणजे अल्काताई. म्हणजे मी.

ताईला हे कधी कळलं असेल का, असं मी बरेच दिवस मनात घोळवत होतो. कळलं असतं आणि ती गप्प राहिली असती तर मला सोपं झालं असतं. पण झेरॉक्सच्या पाकिटाला मी लावलेली टाचणी तशीच होती, गंजलेली. तिला कळलं नाही. परीक्षकावर राग धरून ती गेली आणि तुमच्यावर.

तुम्ही तिला नापास म्हणता. नापास झालं ते मी लिहिलेलं, तिचं कोणी तपासलंच नाही. तिने उत्तर दिलं होतं.

पाकीट माझ्याकडे आहे. कॅसेटही आहे. दोन्ही पोस्टाने पाठवायची भीती वाटते. तुम्ही येणार असाल तर दाखवीन. २५ तारीख अजून तेरा दिवसांवर आहे.

टेकचंद


गोंदिया
२४ जून २०१२

प्रिय भाऊ,

शुक्रवारी तुम्ही दामिनीला घेऊन कॉलेजात आलात आणि गेलात. माझ्याशी तीन वाक्यं बोललात. "कागद कुठे आहे?" हे पहिलं. व्हरांड्यात उभं राहून तुम्ही सगळी पानं वाचलीत, मधलं तिसरं उत्तर दोनदा. चष्मा पुसलात. पाकीट माझ्या हातात देऊन म्हणालात, "इले आत ने, फॉर्म भर." आणि, "मी बाहेर आहे." त्यानंतर तुम्ही समोरच्या पानठेल्याजवळ दोन तास उभे होतात. आत काय झालं ते तुम्हाला दामिनीने सांगितलं की नाही मला माहीत नाही. मी सांगून ठेवतो.

ती माझ्यामागे चालत आली. हात भिंतीला लावत होती, पण जोर देत नव्हती. उंबरठा तिला आपोआप कळला. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "काका, बाबानं वाचलं. आता मले वाचून दाखवा. आत्याचं नाही. तुमी लिवलं ते."

मी वाचलं. "संयुक्त कुटुंबाची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे आहेत. एक, सामाईक निवास. दोन, सामाईक स्वयंपाकघर." हे मी पहिल्यांदाच मोठ्याने वाचत होतो. चौथ्या वैशिष्ट्याला ती म्हणाली, "पुरे. हे तं मलेही येते."

मग कॅसेट लावली. टेपरेकॉर्डर मी सकाळीच घरून आणला होता. मागे आई भांडी घासते आहे तो आवाज आहे. दामिनी टेबलावर कोपर टेकून ऐकत होती. बैल विकला, या ठिकाणी तिने टेप थांबवायला सांगितला, मागे घ्यायला लावला आणि पुन्हा ऐकला. शेवटी, पाचही उत्तरं झाल्यावर, ताई मॅडमना सांगते, "टेक्यानं मात्र झपाझप लिवलं हो मॅडम. हात दुखला असन पोराचा." आणि हसते. मग मी लांबून म्हणतो, "ताई, जेवाले चाल." माझा आवाज तेव्हा कोवळा होता.

दामिनीने विचारलं, "हे तुमी?"

मी म्हटलं, "हो."

बाजूच्या टेबलावर आमचे दुलीचंदजी पावत्या लावत होते, त्यांनी पंखा वाढवला. मग ती म्हणाली, "माझा पेपर तुमी नाही लिवायचा."

"नाही लिहिणार. नियमातही बसत नाही."

"नियमाचं नाही बोलून रायली मी."

"समजलं."

"न लेखनिक मी निवडीन. तुमच्या यादीतल्या साऱ्याईले एक एक पान सांगीन. लिवलेलं पान आत्याच्या मॅडमले वाचायले देईन, मी सांगितलेलं टेपवर ठेवीन. जिचं दोन्ही जुळन ती माझी लेखनिक."

अशी चाचणी आमच्याकडे नाही. असायला पाहिजे होती. मी ती लिहून घेतली आहे. सोमवारी प्राचार्यांपुढे ठेवणार आहे आणि शकुंतला मॅडमना, त्या निवृत्त झाल्या असल्या तरी, पहिल्या वेळी यायला सांगणार आहे. त्यांनाही मी सगळं सांगायचं बाकी आहे. तेही याच आठवड्यात करीन.

मग अर्ज भरायला घेतला. ती सांगत होती, मी लिहीत होतो. चौदावा रकाना अपंगत्वाचा आहे. दुलीचंदजी मान वर न करता म्हणाले, "वो कॉलम ख़ाली छोड़ दो तो भी चलता है, बेटा।"

"खाली काऊन?"

"बाद में पचास सवाल पूछते हैं।"

"पुसू द्या न," ती म्हणाली. "पन्नासचे पन्नास सांगीन. मराठीत चालन का हिंदीत?"

दुलीचंदजी हसले. म्हणाले, "किसकी बेटी है?" मी म्हटलं, माझ्या भावाची. ते म्हणाले, "तो भाई बाहर धूप में क्यों खड़ा है?" दामिनी म्हणाली, "त्याईले तिथंच बरं वाटते."

चौदाव्या रकान्यात मी लिहिलं : दृष्टिदोष, वाढता. परीक्षेसाठी लेखनिक आवश्यक : होय. विषयांमध्ये तिने समाजशास्त्र पहिलं सांगितलं. अर्ज पूर्ण झाला. ती म्हणाली, "आता वाचा."

मी वाचलं. नाव, वडिलांचं नाव, गाव, टक्के, विषय, चौदावा रकाना. जे कागदावर होतं तेच वाचलं. माझं वाचून झाल्यावर तिने हात पुढे केला. मी अर्ज दिला. तो घेऊन ती खिडकीजवळ गेली, उजेडाकडे पाठ केली आणि कागद डाव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवला. तिला अजून तेवढं दिसतं. किती दिवस दिसेल, माहीत नाही. एकेक अक्षर करत ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. ओठ हलत होते. एका ठिकाणी थांबून मागे गेली आणि पुन्हा पुढे आली. मी उभा राहिलो. दुलीचंदजींनी पावत्या लावायचं थांबवलं. घड्याळात पाहिलं तर वीस मिनिटं झाली होती. तुम्ही बाहेरून दोनदा खिडकीकडे पाहिलंत, ते तेव्हाच.

बाकी काही विशेष नाही. पहिली यादी ६ जुलैला लागेल, मी फोन करीन, उचला. आई रागावली आहे. म्हणते, "नातीन गोंद्यात येऊन न जेवता गेली, हे कोन्या घरात होते?" पुढच्या वेळी तुम्हीही जेवायला या.

एवढंच सांगायचं राहिलं, की शेवटच्या ओळीपर्यंत गेल्यावर तिने कागद डोळ्यापासून बाजूला केला, माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरोबर आहे," आणि सही करायला पेन मागितला.

तुमचा
टेकचंद